कापड बदलायचं राहिलं

मुलाखतीत मी एक खोटं बोलले, म्हणून मला ब्लॉग सुरू करावा लागला.

नाशकातल्या कॉलेज रोडवर दुसऱ्या मजल्यावरचं छोटंसं ऑफिस होतं. दुकानं, क्लास, दवाखाने यांच्यासाठी मजकूर लिहून द्यायचं काम. समोरच्या मॅडमनी विचारलं, "स्वतःचं काही लिहितेस का? ब्लॉग वगैरे?" मी "हो" म्हणाले. नाही म्हटलं असतं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं. हो म्हटलं की विषय संपेल असं मला वाटलं. तो संपला नाही. "शुक्रवारपर्यंत लिंक पाठव," त्या म्हणाल्या. "आणि इंग्रजीतलं नको. इंग्रजीवाले रोज येतात. मराठीत असेल ते पाठव."

माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमातली. मराठीचा शेवटचा पेपर दहावीत लिहिला, त्यानंतर मराठी म्हणजे घरात बोलायची आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगायची भाषा. शिवाय मी बोलतेही कमीच. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाते, आणि पाहुण्यांनाही ते आता माहीत झालं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ब्लॉग उघडला. फुकटातला, पांढऱ्या पानाचा. 'माझ्याविषयी' असा एक चौकोन होता, तो रिकामा सोडला. फोटो लावला नाही, नाव दिलं नाही. मग लिहायला बसले. पहिल्यांदा गोदाघाटाबद्दल लिहिलं. वाचून पाहिलं तर एखाद्या हॉटेलच्या पत्रकासारखं वाटत होतं. मग मिसळीबद्दल लिहिलं, ते त्याहून वाईट. बुधवार गेला. गुरुवारी दुपारपर्यंत पान पुन्हा पांढरं होतं आणि मला जे खरंच माहीत होतं असं एकच काहीतरी डोक्यात येत राहिलं. ते लिहायचं नव्हतं. पण दुसरं काही नव्हतंच.

ते काय होतं ते सांगायचं तर आधी आमची पुढची खोली सांगावी लागेल.

पाथर्डी फाट्यापासून आत आमची गल्ली आहे. पप्पा अंबडच्या एका कंपनीत शिफ्टला जातात आणि पुढच्या खोलीत आईचं शिवणकाम चालतं. ब्लाउज, फॉल, पिको, कधी पंजाबी ड्रेस. मी तिला मम्मी म्हणते, पण लिहिताना ती आपोआप आई होते. दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल, आणि एका कोपऱ्यात लोखंडी दांडीवर फुलाफुलांचा पडदा. माप पडद्यामागे घेतलं जातं. आई आतून आकडे सांगते आणि मी बाहेर स्टुलावर बसून ते वहीत उतरवते. सातवीत असल्यापासून हे माझं काम. छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. बायका पडद्यामागे टेप अंगावर असताना जे बोलतात ते कुठेच बोलत नसाव्यात. कुणाचा नवरा, कुणाची सून, कुणाच्या पोटातली गाठ. पहिल्याच दिवशी आईने मला बजावलं होतं की इथलं बाहेर बोलायचं नाही. पण ती काळजी तिला माझ्याबाबतीत कधी करावी लागली नाही. मी कुठेच काही बोलत नसे.

मुलाखतीच्या महिनाभर आधी गल्लीतल्या एक काकू आल्या होत्या. माहेर सायखेड्याचं, घरी भाजीपाल्याची शेती, लग्न होऊन नाशकात आल्याला तीस वर्षं झाली तरी बोली तिथलीच. मोठ्याने हसणाऱ्या, जाता-येता मला "काय मॅडम, आज तरी बोलणार का?" म्हणून चिडवणाऱ्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि साखरपुड्यासाठी त्यांनी येवल्याहून पैठणी आणली होती. साडी फॉल लावायला आणि तिच्यातलाच ब्लाउजपीस शिवायला घेऊन त्या आल्या. खोलीत दोन बायका होत्या. काकू त्यांच्या जाण्याची वाट बघत बसून राहिल्या. पाणी मागितलं, परत मागितलं. शेवटी त्या बायका गेल्यावर म्हणाल्या, "ताई, पडदा नीट ओढा."

आईने पडद्याची कड भिंतीपर्यंत ओढली. मग काकूंचा आवाज आला, अगदी हळू. दोन वर्षांपूर्वी त्या गुडघ्याच्या दुखण्यासाठी म्हणून बहिणीकडे मुंबईला दोन महिने राहून आल्या होत्या. ते गुडघ्याचं नव्हतं. डावं स्तन काढलं होतं. घरात नवऱ्याला आणि मुलीला माहीत होतं, बाकी कुणालाच नाही. इतके दिवस त्या तयार, सैल ब्लाउज घालून पदर पुढे घेत होत्या. "पण साखरपुड्याला समद्यांच्या समोर बसावं लागतं ताई, फोटो काढत्यात. आन् पोरीच्या सासरी कळलं तर? म्हणतील, आईला हाय म्हणजे पोरीला बी होणार. मोडतील. मला माहीत हाय, मोडतील."

आई म्हणाली, "कुणाला कळणार नाही." मग तिने आकडे सांगायला सुरुवात केली. छातीसाठी नेहमी एक आकडा असतो. त्या दिवशी तिने दोन सांगितले, मध्यापासून उजवीकडचा आणि मध्यापासून डावीकडचा. मी ते दोन्ही वहीत लिहिले.

गुरुवारी दुपारी मी ब्लॉगवर लिहिलं ते हे.

फोनवर इंग्रजी अक्षरं टाइप करायची आणि मराठी उमटायचं. हळू जात होतं, पण पहिल्यांदाच खोडावंसं वाटत नव्हतं. मी मूर्ख नव्हते. काकूंना मी शाळेतल्या बाई केलं, वय कमी केलं, जळगावला राहायला पाठवलं, मुलगी काढून टाकली, साखरपुड्याऐवजी निरोपसमारंभ घातला. आईला म्हातारी शिंपीण केलं. सगळं बदललं. फक्त कापड तेवढं तसंच ठेवलं. साडीचा रंग, काठ, पदर, आणि ब्लाउजपीसच्या एका कोपऱ्यात विणकराच्या हातून झालेली एक बारीक चूक. ती चूक मला फार आवडली होती, तिच्यावर मी चार ओळी लिहिल्या. कोणता रंग, कसली चूक, ते मी इथे सांगणार नाही.

शुद्धलेखन तपासायला मी ते एका मैत्रिणीला पाठवलं. ती मराठी शाळेतली. तिने सात चुका काढल्या आणि लिहिलं, "बाई गं. तू हे आतापर्यंत कुठे ठेवलं होतंस?" शुक्रवारी मी लिंक ऑफिसला पाठवली. शनिवार, रविवार मी माझ्यावरच खूश होते. फार थोड्या वेळा मी तशी असते.

मंगळवारी मुलाची मावशी आली.

मुलाची म्हणजे काकूंच्या होणाऱ्या जावयाची. ती आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते आणि हे स्थळ तिनेच आणलेलं. साखरपुडा येत्या रविवारी होता. मावशीला तिच्या साडीला फॉल लावून हवा होता. आई मशीनवर बसली, मावशी खुर्चीत, मी स्टुलावर वही घेऊन. मावशीने फोन काढला.

"ताई, मशीन थांबवा जरा. हे ऐकाच. आमच्या भाचीच्या ग्रुपवरून आलंय. कुणी लिहिलंय देव जाणे, खाली नावच नाही. मी तर सकाळी भाजी करपवली वाचता वाचता."

"वाचा वाचा," आई म्हणाली, पण मशीन थांबवलं नाही.

मावशी शाळेत धडा वाचतात तशी मोठ्याने वाचू लागली. पहिलं वाक्य संपायच्या आत मला कळलं. माझी वाक्यं दुसऱ्या कुणाच्या आवाजात मी कधीच ऐकली नव्हती. मैत्रिणीने कौतुकाने घरच्या ग्रुपवर पाठवली असणार आणि तिथून ती फिरत फिरत आमच्याच खोलीत आली होती. "शिंपीणबाईंनी टेप फिरवला आणि दोन आकडे सांगितले. एक उजवीकडचा, एक डावीकडचा. डावीकडे मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी टेप तिथे तितकाच हळू फिरला."

मशीन थांबलं. आईचा पाय पायडलवर तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या फॉलकडेच बघत राहिली.

मावशी पुढे वाचत गेली. साडी आली. रंग आला, काठ आला. मग ती कोपऱ्यातली चूक आली आणि मावशीचा आवाज मध्येच अडला.

"अय्या," ती म्हणाली. "अशी तर..."

मी वहीवर पेन टेकवून धरलं होतं. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"अशा शंभर निघतात येवल्यात," आई म्हणाली. "एकाच मागावरच्या असल्या की सगळ्यांत तीच चूक येते. माझ्याकडे या वर्षात तीन आल्या तशा."

एकही आली नव्हती. आई खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तिचा आवाज मात्र नेहमीसारखाच होता.

"हो ना," मावशी हसली. "मला आपलं वाटलं." तिने उरलेलं मनात वाचलं. मग फोन पर्समध्ये ठेवला आणि सहज काकूंचं विचारलं, "वहिनींचा ब्लाउज झाला का हो शिवून? विहीणबाईंचा?"

"उद्या ट्रायल आहे."

"कटोरी घेतलाय का साधा?"

"साधाच," आई म्हणाली. कटोरीत छातीचा आकार वेगळा उठून दिसतो.

मावशी गेल्यावर आईने दाराला कडी लावली. दिवसा ती कधी लावत नाही.

"तू लिहिलंस?"

मी मान हलवली.

"तोंडानं बोल."

"हो. पण मम्मी, मी सगळं बदललं होतं. त्या बाई जळगावच्या आहेत, शाळेत शिकवतात. नाव पण नाहीये कुठे."

"आणि साडी?"

"साडी कोण ओळखणार? ती आपण दोघींनीच बघितली होती."

आई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मी या गल्लीत बावीस वर्षं राहूनही इथली नाही, असं काहीतरी तिला तेव्हा लक्षात आलं असावं.

आमच्या गल्लीत कुणाकडे लग्नकार्याची साडी आली की ती आधी दाखवतात. एखाद्या घरी संध्याकाळी बायका जमतात, सतरंजीवर साडी उलगडतात, हळदीकुंकू लावतात. प्रत्येकीने काठ उलटून मागचे धागे बघायचे, वजन तळहातावर तोलायचं, एकदा खांद्यावर टाकून बघायचं. ब्लाउजपीससुद्धा हातोहात फिरतो. त्या पैठणीतली ती चूक वीस बायकांनी बोट लावून पाहिली होती, दुकानदाराने फसवलं की काय यावर अर्धा तास चर्चा झाली होती. आणि हे सगळं झालं होतं मावशीच्याच घरी. मी अशा कार्यक्रमांना जात नाही. आई डबीतून आणलेला पेढा मला आत आणून देते आणि मी तो खाते. इतक्या वर्षांत आत बसून मला एवढंही कळलं नव्हतं की गल्लीत नावापेक्षा साडी जास्त लोकांना ठाऊक असते.

मी ब्लॉग पुसून टाकला. आईसमोरच पुसला. "बघ, गेला," म्हणाले.

"तिच्या पर्समधून गेला का?"

तेवढ्यात फोनवर मेल आला. ऑफिसचा होता. लेख सगळ्यांना फार आवडला, पहिल्या तारखेपासून या. मी फोन उलटा करून ठेवला.

"उद्या वहिनी येतील," आई म्हणाली. "तू सांगायचं त्यांना."

"मी?"

"मग कोण? मी काय सांगू, माझी पोरगी कोपऱ्यात बसून तुमची..." तिने वाक्य तोडलं. "मी नाही सांगणार. तू लिहिलंस, तू बोल."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनात वाक्यं जुळवत राहिले. इंग्रजीत जुळायची. मराठीत आणली की त्यांतला माफीचा भाग नाटकी वाटायचा. काकू चारला आल्या. हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी, चेहरा उजळलेला. "आज तोंड गोड करा आधी! हॉलवाल्यानं खुर्च्यांना कव्हरं फुकट दिली. काय मॅडम, रविवारी तुम्ही येताय हां, पळून जायचं नाय."

आईने त्यांना पडद्यामागे नेलं, कच्चा ब्लाउज चढवला, टाचण्या लावल्या. काकू आरशासमोर आल्या. पदर सोडून त्यांनी स्वतःकडे सरळ पाहिलं. दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या. आईने आत कापसाचे थर किती वेळा बसवले आणि उसवले होते ते मला माहीत होतं. काकूंनी आरशातूनच आईकडे बघून दोनदा मान हलवली.

आईने माझ्याकडे पाहिलं. आता.

"काकू," मी म्हणाले. "मी एक... मी तुमच्याबद्दल लिहिलं."

"काय लिहिलं?"

जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना. मी सांगत गेले, मागचं पुढे, पुढचं मागे. ब्लॉग म्हणजे काय तेही सांगावं लागलं. मावशीपाशी आले तेव्हा काकूंनी हात वर केला.

"थांब. तिनं वाचलं?"

"हो."

"साडीचं बी?"

"हो."

त्या मशीनजवळच्या खुर्चीवर बसल्या. टाचण्या टोचल्या असाव्यात, पण त्या हलल्या नाहीत. "वाच," म्हणाल्या. "काय लिहिलंस ते मला वाचून दाखव."

मैत्रिणीला पाठवलेला मजकूर अजून फोनमध्ये होता. मी वाचला. संपल्यावर काकू म्हणाल्या, "शाळेतली बाई केलीस मला? आगं मी सातवी नापास." आणि हसल्या. ते हसणं अर्ध्यातच थांबलं.

"वहिनी, मी सांगितलंय तिला, अशा बऱ्याच साड्या असतात," आई घाईने म्हणाली. "तुम्ही दुसरी नेसा रविवारी. मी दोन दिवसांत दुसरा शिवून देते."

"दुसरी नेसले तर तिची खातरीच होईल. सगळ्यांना दाखवली, आन् आता का नेसली नाय? आन् ही नेसले तर ती माझ्या तोंडाकडं नाय बघणार, हितं बघणार." त्यांनी छातीवर हात ठेवला. "दिवसभर हितंच बघणार. आन् संध्याकाळी बहिणीला सांगणार."

आई टाचण्यांची डबी उघडत होती, मिटत होती.

मग काकू उठल्या. अंगावरच्या कच्च्या ब्लाउजवरूनच त्यांनी पदर गुंडाळून घेतला. "येते मी."

"कुठे निघालात? टाचण्या आहेत अजून!"

"मावशीकडं. तिनं आपल्या आपण ठरवायच्या आधी मीच सांगते. माझ्या तोंडून ऐकू दे." दाराशी त्यांनी माझ्या चपला घातल्या, स्वतःच्या तिथेच राहिल्या. ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्या परत येईपर्यंतचा वेळ मी फाटकापाशी उभी राहून काढला. गल्लीच्या टोकाचं मावशीचं दार बंद होतं. आतून आईच्या मशीनचा आवाज येत होता, थोडा वेळ चालायचं, थांबायचं, परत चालायचं. नंतर पाहिलं तर तिने एकाच फॉलवर दोनदा शिलाई मारली होती. समोरचे आजोबा विचारून गेले, कुणाची वाट बघतेस. मी "कुणाची नाही" म्हणाले.

काकू आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. त्या सरळ पडद्यामागे गेल्या आणि आतूनच बोलल्या. कदाचित म्हणूनच बोलू शकल्या.

"तिला कळलेलंच होतं. कालच फोन केलाय बहिणीला."

"मग?" आईने विचारलं.

"रविवारचं राहू द्या म्हणाले पोराकडचे. पोरीची तपासणी करून घ्या, डॉक्टरचा कागद द्या, मग बघू." काही वेळाने ब्लाउज पडद्यावरून बाहेर आला. "हा पुरा करा ताई. लागल तवा लागल."

जाताना त्यांनी स्वतःच्या चपला घातल्या. मिठाईची पिशवी टेबलावरच राहिली. ती दोन दिवस कुणी उघडली नाही, मग आईने मुंग्या लागल्या म्हणून बाहेर काढली.

पुढचं मला काकूंच्या मुलीकडून कळलं. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. ब्लाउज न्यायला तीच आली आणि फाटकाशी मला म्हणाली, "वाचलं मी. छान लिहिलंयस." तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, आता काय होणार. ती म्हणाली, "मी त्याला फोन केला. म्हटलं, रोज दुसऱ्यांचे कागद काढते, माझा पण काढते, काही प्रॉब्लेम नाही. मग तुझ्या पप्पांच्या शुगरचा पण काढू, आणि तुझ्या काकांच्या हार्टचा. सगळे एकाच फाइलला लावू." त्यावर मुलाने घरी काय सांगितलं ते तिलाही माहीत नव्हतं. कागद कुणी परत मागितला नाही.

साखरपुडा दीड महिन्याने झाला. काकू आमंत्रणाला स्वतः आल्या. बाकी गल्लीत त्यांनी "घरचे सगळे या" म्हटलं होतं. आमच्या दारात म्हणाल्या, "ताई, तुम्ही आन् भाऊ या." मी आत उभी होते. पप्पांना ते कळलं नाही, ते मलाही चल म्हणाले. आईने त्यांना गप्प केलं. आल्यावर तिने एवढंच सांगितलं की काकूंनी तीच पैठणी नेसली होती आणि मावशी त्यांच्या शेजारी बसली होती.

त्यानंतर काकू आमच्याकडे शिवायला आल्या नाहीत. आईने कधी विचारलं नाही. मी पहिल्या तारखेपासून ऑफिसला जाऊ लागले, त्याच लेखाच्या जोरावर. तिथे मी चष्म्याच्या दुकानांबद्दल आणि दातांच्या दवाखान्यांबद्दल लिहिते. मॅडम अधूनमधून म्हणतात, तसं पुन्हा काही लिही ना. मापाची वही आता आई स्वतःच लिहिते. पडद्यामागून येऊन लिहिते, परत आत जाते. तिला वेळ लागतो. मी लिहू का, असं मी एकदा विचारलं. "राहू दे," ती म्हणाली.

दोन वर्षं मी स्वतःचं काहीही लिहिलं नाही. मग लिहिलं, जे तुम्ही आतापर्यंत वाचलंत ते. पण ते कुठेही टाकायच्या आधी एका रविवारी सकाळी मी काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले. घंटी वाजवायच्या आधी दोनदा परत फिरले होते.

काकू ओट्याजवळ खाली बसून मटार सोलत होत्या. मला बघून त्यांनी उठायची घाई केली नाही. "बस," म्हणाल्या आणि एक ताटली माझ्याकडे सरकवली. मी शेंगा सोलू लागले. थोड्या वेळाने मी कशाला आले ते सांगितलं.

"परत?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. मग म्हणाल्या, "तिकडं नव्या शिवणाऱ्या बाईकडं पहिल्या दिवशी गेले तर सहा-सात जणी बसल्या होत्या. ती मला आत चला म्हणाली. मी म्हटलं, हितंच सांगते. सांगून टाकलं समद्यांच्या समोर. एक जण उठून माझ्याजवळ आली, तिच्या बहिणीला बी तसंच हाय म्हणाली." त्यांनी दाण्यांत हात फिरवला. "ते तुझ्यामुळं झालं असं समजू नको. तू केलंस ते वाईटच केलंस."

"हो."

"तुझी आई शिवायची तसं तिला जमत नाय. पण तुझ्या आईकडं मी आता येणार नाय. तिच्यावर माझा राग नाय. तिथं पडद्यामागं उभं राहायला मला जमायचं नाय, एवढंच."

मी मान हलवली. मग आठवण झाली आणि "बरं" म्हणाले.

"वाच काय ते," त्या म्हणाल्या. "आन् मोठ्यानं वाच. कुकर लागलाय, ऐकू येत नाय."

मी पिशवीतून लिहिलेले कागद काढले आणि वाचायला लागले. पडद्याचं, वहीचं, मावशीचं. स्वतःचं बोलणं आलं तिथे त्या "असं बोलले मी?" म्हणाल्या आणि हसल्या. एका जागी मात्र त्यांनी सोललेली शेंग खाली ठेवली. तिथे त्यांच्या नवऱ्याबद्दल एक परिच्छेद होता, मुंबईच्या त्या दोन महिन्यांतला, पडद्यामागून मी ऐकलेला. या लेखातलं सगळ्यात चांगलं मी तिथे लिहिलं होतं असं मला वाटत होतं.

"हे नको," त्या म्हणाल्या.

मी पेन काढलं आणि त्यांच्या समोर त्या सगळ्या ओळींवर काट मारली. त्यांनी वाकून पाहिलं, एखादा शब्द अजून वाचता येतोय का ते. एक येत होता. त्यावर मी परत पेन फिरवलं.

"हां," काकू म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली. "आता पुढचं वाच."